सप्ता मोडत नाही

बिलोली तालुक्यात सप्ता कधी बसवायचा, हे पाऊसपाणी पाहून ठरत नाही. तिथी ठरलेली असते. पीक चांगलं आलं तर पंगतीत बुंदी असते, नाही आलं तर वरणभातावर भागतं. पण वीणा त्याच दिवशी उभी राहते. चांगल्या वर्षी या गोष्टीचं कुणाला काही वाटत नाही. वाईट वर्षी मात्र पाहणारा थबकतो. सोयाबीन पाण्यात गेलेलं, उडदाला झाडावरच मोड आलेले, बँकेचं आणि कृषी केंद्राचं देणं डोक्यावर, आणि गावातली माणसं मारुतीच्या पारावर मांडव घालायला बांबू आणताहेत. बाहेरच्याला हे कोडं वाटतं. इथल्या माणसाला त्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, फक्त ते त्याने कधी शब्दांत मांडलेलं नाही. हा लेख त्या उत्तराविषयी आहे.

बिलोली हे नांदेड जिल्ह्याच्या कडेचं गाव. पलीकडे तेलंगण. मांजरा नदी इथून जवळच, पुढे कंदकुर्तीला ती गोदावरीत मिसळते. बोलीत मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि दखनी उर्दूचे शब्द सहज येतात. गावात मोगल काळातली काळ्या दगडाची मशीद आहे, आसपासच्या गावांत विठ्ठल-रखुमाईची देवळं आहेत, लिंगायत मठ आहेत, बुद्धविहार आहेत. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये हत्या झाली, ती याच तालुक्यातल्या अर्जापूरजवळ. सोसणं या भागाला नवं नाही. प्रश्न एवढाच, की सोसताना इथली माणसं आनंद कुठून आणतात.

पहारा

सप्ता म्हणजे अखंड हरिनामाचे सात दिवस. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं किंवा गाथ्याचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. लिंगायत वस्तीच्या गावांत हाच क्रम अखंड शिवनाम सप्त्याचा असतो. तिथे मन्मथ स्वामींच्या ‘परमरहस्या’चं पारायण होतं, शिवपाठ होतो, शिवकीर्तन होतं. मन्मथ स्वामींची समाधी बीडजवळच्या कपिलधारला. कार्तिक पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि मराठवाड्यातून दिंड्या पायी निघतात. देव निराळा, ग्रंथ निराळा, पण सप्त्याची घडी एकच.

या घडीतली सगळ्यात साधी आणि सगळ्यात खोल गोष्ट म्हणजे वीणेचा पहारा. सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग त्यात वय नाही की मान नाही. सप्ता बसण्याआधी पहारेकऱ्यांची यादी होते आणि ती मांडवात लावली जाते. दुपारचा पहारा कुणाचा, रात्री दोन ते चार कुणाचा, सगळं त्यात लिहिलेलं.

रात्री दोनचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्याकडे पाहावं. मांडवात एक दिवा, सतरंजीवर झोपलेली दोन-चार म्हातारी माणसं, आणि हा एकटा उभा. बोटं तारेवर, तोंडाने नाम. हाच माणूस घरी असता, तर याच वेळी छताकडे पाहत व्याजाचा हिशेब करत पडला असता. वाईट वर्षात झोप दोन वाजताच तुटते, हे ज्याने भोगलं आहे त्याला सांगायला नको. त्या वेळेला सप्त्याने त्याला काम दिलं आहे. त्याचं देणं एका रुपयाने कमी झालेलं नाही. पण आपण उभे आहोत म्हणून गावाचा नेम टिकून आहे, हे त्याला माहीत आहे. चार वाजता दुसरा येतो, वीणा घेतो, याच्या पाया पडतो. कर्जदार म्हणून दिवसभर ज्याने मान खाली घातली, त्याच्या पाया पहाटे कुणीतरी पडतं.

श्रद्धेने आनंद मिळतो असं आपण म्हणतो, तेव्हा मनात काहीतरी आपोआप उमलतं असं चित्र डोळ्यापुढे येतं. बिलोलीकडे पाहिलं, की निराळं दिसतं. इथे आनंदाला तारीख आहे, जागा आहे, आणि प्रत्येक हाताला त्यात नेमून दिलेलं काम आहे. मन लागो न लागो, पहाऱ्याला जायचं. मन मागून येतं. पुष्कळदा येतं, कधी येत नाही. ते आलं नाही तरी पहारा वाया जात नाही, कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी मनाला धरून ठेवतो.

एकच नदी, दोन टोकं

बिलोलीजवळून वाहणारी मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरच्या शिवारातून येते, कर्नाटकातून आणि तेलंगणातून वळसा घेऊन पुन्हा इथे महाराष्ट्राच्या सीमेला लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात हीच नदी लातूरकडे पार आटली होती. मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन.

त्याच टंचाईच्या हिवाळ्यात, जानेवारीत, वेळ अमावस्या येऊन गेली होती. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या सीमेकडच्या पट्ट्यात तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर शहराची बाजारपेठ बंद असते, रस्ते ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. सगळे शेतात.

येळवशीची तयारी आदल्या रात्रीपासून चालते. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबील करायची, ती मातीच्या मडक्यात ठेवायची, मडक्याला काव आणि चुन्याचे पट्टे. ताकात कालवलेल्या बेसनात तूर, हरभरा, वाटाणा, वाल असे हिरवे दाणे आणि पालेभाजी घालून भज्जी शिजवायची. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, भाकरीबरोबर ओरपून खायची दाट भाजी. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे. सकाळी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन घरातला कर्ता पुढे, मागे बायकापोरं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप केलेली असते. तिच्यात चुना लावलेले दगड मांडून पांडव म्हणून त्यांची पूजा होते. मग शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फेरी. त्यानंतर जेवण. रस्त्याने जाणारा कुणीही दिसला की त्याला हाक मारायची, आणि त्याने दोन घास तरी खाल्ल्याशिवाय जायचं नाही. ज्याला शेत नाही त्याला आधीच आवतण गेलेलं असतं. दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून पिकाला ओवाळायचं आणि घरी परतायचं.

दुष्काळात या ताटातले पदार्थ कमी होतात. ओल्या दाण्यांऐवजी डाळी येतात, खिरीत गूळ कमी पडतो. कधी पिकाला ओवाळायचं, तर ओवाळायला पीकच नसतं. तरी माणसं शेतात जातात. उजाड शेतात बसून जेवणं हे बाहेरून करुण वाटेल. पण जमिनीशी नातं सुगीपुरतं ठेवायचं नसतं, एवढी साधी समज त्यात आहे. घरात आजारी माणूस असला तरी आपण त्याच्या शेजारी बसून जेवतोच. शेताचंही तसंच.

पोळ्याआधीचा पूर

२०१६ पाणी नसल्याचं वर्ष होतं, २०२५ पाणी न मावल्याचं. ऑगस्टच्या १७-१८ तारखेला बिलोलीपासून फार दूर नसलेल्या मुखेड तालुक्यात प्रचंड पाऊस झाला. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं दावणीलाच बुडाली, लष्कराला बोलवावं लागलं. चार-पाच दिवसांवर पोळा होता. त्या पाठोपाठ गणपती.

ज्याच्या गोठ्यातले बैल गेले, त्याने पोळा कसा करायचा? याला धर्माकडे हुकमी उत्तर नाही, आणि कुणी दिलं तर ऐकू नये. पण रूढीकडे एक जुनी वाट आहे. ज्याच्या घरी बैल नाहीत, तो मातीचे बैल करून पुजतो. पोळा ज्या श्रमांचं देणं फेडण्यासाठी असतो, ते देणं बैल गेल्याने संपत नाही. मातीचे बैल पुजणाऱ्याला आपलं काय गेलं ते पक्कं ठाऊक असतं. गेलेल्याचं नाव घेऊन तो उरलेल्या दिवसाला सामोरा जातो.

मरणाच्या बाबतीतही आपल्या रीतींना ही जाण आहे. घरात कुणी गेलं तर त्या घरी चूल पेटत नाही, भावकी आणि शेजारी भाकरी घेऊन येतात. वर्षाचा सण त्या घरी होत नाही. आणि मग पहिल्या सणाला सोयरे येतात, तोंड गोड करायला लावतात, दुखवटा मोडतात. दुःखातल्या माणसाने आपल्या बळावर उठून हसावं, अशी अपेक्षा इथे नाही. त्याच्या वतीने दुसऱ्यांनी घास आणायचा, त्याने फक्त तोंड उघडायचं. आनंदाची निवड एकट्याला झेपत नसेल, तेव्हा ती गावाने करायची.

किल्लारीच्या भूकंपानंतर हे मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. दगडमातीची जाड भिंतींची घरं कोसळली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांत रस्ते सरळ होते, घरं पक्की होती. पण जुन्या गावात ज्या वळणावर पार होता, ज्या बोळातून पालखी जायची, ते काहीच नव्हतं. ज्यांनी विसर्जनाच्या रात्री लेकरं गमावली, त्यांच्यासाठी गणपती हा शब्दच जड झाला असणार. अशा माणसाला कुणी श्रद्धेचे चार धडे शिकवू नयेत. श्रद्धेची लायकी इथे एकाच गोष्टीवर ठरते: ती रडणाऱ्याजवळ गप्प बसू शकते का.

नांदेडला शिकण्यासारखं

बिलोलीचा माणूस कोर्टकचेरीला, दवाखान्याला, शिक्षणाला नांदेडला जातो. तिथे गोदावरीच्या काठी शिखांचा हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये इथे आले आणि इथेच त्यांचं देहावसान झालं. जाण्यापूर्वी गुरुपद त्यांनी कुणा माणसाला दिलं नाही, गुरू ग्रंथ साहिबला दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात बांधवली.

नांदेडला आलेले गुरू गोविंदसिंह काय सोसून आले होते, ते लक्षात घेण्यासारखं आहे. १७०४ च्या डिसेंबरात त्यांचे दोन मोठे मुलगे अजितसिंह आणि जुझारसिंह चमकौरच्या लढाईत पडले. झोरावरसिंह आणि फतेहसिंह या दोन लहानग्यांना सरहिंदला मारण्यात आलं. आई माता गुजरी त्याच दिवसांत गेल्या. चारही मुलं गमावलेल्या बापाच्या परंपरेत आज रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, ‘चढदी कला’ मागितली जाते. मन खचू न देता ताठ ठेवणं, आणि तेही सगळ्यांच्या भल्यासाठी. अरदासमध्ये हुतात्म्यांचं स्मरण आधी येतं आणि चढत्या मनाचं मागणं शेवटी. जे गेलं ते आठवूनच आनंद मागायचा, विसरून नाही. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दिवाळीच्या आधी हुजूर साहिबला तख्त स्नान होतं. गोदावरीचं पाणी घागरींनी आणून तख्त धुतात आणि जुनी शस्त्रं बाहेर काढून स्वच्छ करतात. त्यात नांदेडचेच, घरी मराठी-दखनी बोलणारे शीख असतात. आणि लंगर तर बाराही महिने. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडात अडकले, तेव्हा घरी परतण्याची सोय होईपर्यंत लंगरनेच त्यांना सांभाळलं. चढदी कला टिकते ती अशी, भाजीच्या कढईजवळ आणि पोळ्यांच्या परातीजवळ.

आनंदाचा हिशेब

आता कठीण भाग. श्रद्धा माणसाला उभं ठेवते हे खरं. पण श्रद्धेचं नाव घेऊन माणसाला गप्प बसवणंही आपल्याकडे झालेलं आहे. पीकविमा मिळाला नाही, पंचनाम्यात नाव आलं नाही, नदीचं पात्र वाळूसाठी पोखरलं, यावर ‘देवाची मर्जी’ म्हणून हात झटकणं ही श्रद्धा नव्हे. तुकोबांनी हे जगून दाखवलं. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, सावकारी आणि दुकान बुडालं. आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांच्याकडून येणं होतं ती कुळंही त्याच दुष्काळात होरपळलेली होती. विठ्ठलाच्या नामात रंगायच्या आधी त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यातला फास काढला.

शेजारच्या बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवेश्वरांनी हेच निराळ्या शब्दांत सांगितलं. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि दासोह म्हणजे त्या कष्टाच्या फळात इतरांना वाटा. शिवनाम सप्त्याच्या पंगतीचं मूळ तिथे आहे. वाटा देणं सुटलं, तर उरलेला सप्ता म्हणजे लाउडस्पीकर आणि बॅनर.

वाट्याच्या प्रश्नाला जातीची बाजू आहे, आणि तीही टाळता येत नाही. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची जमावाने हत्या केली. विद्यापीठाला नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. ज्या गावांनी हे पाहिलं, तिथे १४ एप्रिलची जयंती निघते, निळे झेंडे लागतात, पांढऱ्या साड्या नेसून बायका बुद्धवंदना म्हणतात, रात्री भीमगीतं होतात. हा आनंद फुकट मिळालेला नाही. तो हक्काने, किंमत मोजून निवडलेला आहे. आपल्या गावच्या सप्त्याच्या पंगतीत आणि पहाऱ्याच्या यादीत कोणाकोणाची नावं आहेत, हे प्रत्येक गावाने एकदा प्रामाणिकपणे तपासावं. ज्या आनंदात अर्धं गाव दुरून पाहतं, तो वाईट वर्षात कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मराठवाड्यात दरवर्षी शेतकरी जीव देतात. त्यांत माळकरी असतात, नेमधर्म पाळणारे असतात. श्रद्धा कमी पडली म्हणून ते गेले, असं म्हणणं क्रूर आणि खोटं आहे. कर्ज, नापिकी, पडलेला भाव, लग्नाचा खर्च आणि मनाचा आजार यांचं ओझं एकत्र येतं, तेव्हा माणसाला डॉक्टर लागतो, तहसीलदार लागतो, ऐकून घेणारा शेजारी लागतो. मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक कीर्तनाच्या मांडवात, पहाऱ्याच्या यादीशेजारी लावावा. कीर्तनकाराने व्यासपीठावरून तो दोनदा वाचून दाखवावा. मला तरी हे हरिनामाच्या बाहेरचं वाटत नाही.

रोजचं

सप्ता वर्षातून एकदा, येळवस एकदा, तख्त स्नान एकदा. मधल्या दिवसांचं काय? तिथेही बिलोलीची गावं रिकामी नाहीत. पहाटे अंगणात सडा पडतो, दारात रांगोळीच्या दोन रेघा उमटतात, घरात कितीही कटकट असली तरी. मशिदीतून फजरची अजान येते, आणि ती ऐकून चूल पेटवणाऱ्या सगळ्याच बाया मुसलमान नसतात. संध्याकाळी देवळात पाच-सहा जण टाळ घेऊन बसतात आणि हरिपाठ म्हणतात. रानातून आलेला माणूस पाय धुऊन, चहा पिऊन, दमल्या आवाजात त्यांच्यात मिसळतो. आवाज लागला नाही म्हणून कुणी त्याला उठवत नाही. तेवढा अर्धा तास तो सोयाबीनच्या भावाविषयी बोलत नाही. मग उठतो आणि पुन्हा बोलू लागतो. भाव तोच असतो, पण आता ऐकायला पाच-सहा जण असतात.

यातून मला जे कळलं ते असं. आनंद होण्याची वाट पाहत बसलं, तर आपल्या मुलखात अनेक वर्षं तो येणारच नाही. इथलं आभाळ तसं नाही. म्हणून आपल्या आधीच्या माणसांनी त्याचे दिवस नेमले, त्याला पहारे लावले आणि तो एकट्याच्या मनावर सोडला नाही. श्रद्धेने इथे केलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

ते काम पुढे नेणं आता आपल्या हातात आहे. दिवाळी झाली की गावोगाव सप्त्याच्या बैठका होतील, वर्गणीची यादी निघेल. त्याआधी दुसरी एक यादी करावी. यंदा ज्यांच्या घरी मरण झालं, ज्यांचं रान वाहून गेलं, ज्यांच्या दारात वसुलीवाला येऊन गेला, त्या घरांची. त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. पण पहाऱ्याच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यांच्या आधी लिहावं, आणि सप्ता बसायच्या आदल्या दिवशी दोघांनी त्यांच्या घरी जाऊन सांगावं, की तुमचा पहारा अमुक वाजता आहे, आम्ही न्यायला येतो.